भिंत झाकण्यापूर्वी भिंतीचे दुखणे ओळखा
लाकडी तावदानांची सजावट आणि ज्येष्ठांचा श्वास

वऱ्हाडाला लाकूड नवे नाही. सातपुड्याच्या पायथ्याला लागून असलेल्या अकोट परिसरातील जुन्या वाड्यांत आजही मेळघाटच्या सागवानाचे खांब, तुळया आणि तक्तपोशी पाहावयास मिळते. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर लाकडी आढे आणि मधून खेळणारा वारा अशी त्या घरांची रचना होती. आता घरे सिमेंटची झाली आणि लाकूड छतावरून भिंतीवर आले. दिवाणखान्यात दूरदर्शन संचामागे, पलंगाच्या उशाशी, जिन्याच्या कडेला लाकडी पट्ट्यांचे किंवा प्लायवूडचे ‘पॅनेलिंग’ करून घेण्याची हौस अकोटसारख्या तालुक्याच्या गावीही रुजली आहे. घरात लग्नकार्य ठरले की रंगाऱ्याबरोबर सुतारही येतो.

ही हौस चुकीची नाही. नीट केलेले लाकूडकाम खोलीला ऊब आणि प्रसन्नता देते. परंतु अनेक घरांत हे आवरण चढते ते नेमके ओल आलेल्या, पोपडे सुटलेल्या भिंतीवर; आणि अशी भिंत बहुधा असते ती न्हाणीघराला लागून असलेल्या मागच्या खोलीत, जिथे घरातील वृद्ध माणसाचा पलंग असतो. जखम न धुता वरून पट्टी बांधावी, तसाच हा प्रकार होय.

एका सत्तरी ओलांडलेल्या मातोश्रींना घेऊन त्यांचे चिरंजीव माझ्याकडे आले होते. तक्रार होती रात्रीच्या खोकल्याची आणि छातीतील घरघरीची. औषधांनी उतार पडे आणि पुन्हा पहिले पाढे सुरू होत. “डॉक्टरसाहेब, आईची खोली तर आता नवीकोरी करून देली, मंग हा खोकला काहून जात नाही?” असा त्यांचा प्रश्न होता. विचारपूस करता कळले की, लेकीकडे आठ दिवस राहिल्यावर आईंचा खोकला जवळजवळ थांबतो आणि घरी परतताच वाढतो. उशामागचे लाकडी आवरण उघडले, तेव्हा मागे ओल होती आणि प्लायवूडच्या पाठीवर काळी बुरशी पसरली होती. नळाची गळती दुरुस्त झाली, भिंत सुकली, आवरण बदलले; औषधांचीही गरज पुढे कमी झाली. प्रत्येक खोकल्याचे मूळ भिंतीत नसते, हे खरे. पण ते तेथेही असू शकते, याची आठवण ठेवावी.

आपल्या भागातील भिंतींचे तीन शत्रू

पहिला शत्रू म्हणजे आपली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे पाया हलतो, भिंतींना तडे जातात आणि पुढच्या पावसाचे पाणी त्या तड्यांतून आत शिरते.

दुसरा शत्रू म्हणजे क्षार. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. खाऱ्या पाण्याने केलेल्या बांधकामात क्षार भिंतीत राहतात. ओलीबरोबर ते पृष्ठभागावर येतात आणि भिंतीला पांढरा लोणा लागतो, गिलावा भुगा होऊन गळतो.

तिसरा शत्रू आपण स्वतः खिडकीत बसवतो, तो म्हणजे कूलर. पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की कूलरवाचून वृद्धांचे चालत नाही आणि तो बंदही करू नये. परंतु दारे-खिडक्या बंद ठेवून चालवलेला कूलर खोलीतील दमटपणा वाढवतो. त्याच्या झोताला लागून लाकडी आवरण असेल, तर ते फुगते आणि मागे बुरशीला घर मिळते. कूलर चालू असताना समोरची एखादी खिडकी थोडी उघडी असावी आणि कूलरची भिंत आवरणाविना ठेवावी.

काम काढण्याआधीची तपासणी

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना दमा आणि श्वसनाच्या इतर तक्रारींचा धोका अधिक असतो, हा तिचा निष्कर्ष आहे. म्हणून सुताराला बोलावण्यापूर्वी एक सोपी चाचणी करावी. साधारण फूटभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि दोन दिवसांनी पाहावे. भिंतीकडील बाजूस दव धरले असेल, तर ओल भिंतीत आहे. खोलीकडील बाजूस असेल, तर खोलीची हवा दमट आहे.

ओल सापडल्यास गच्ची, नळ, न्हाणीघर किंवा जोते यांपैकी तिचे उगमस्थान शोधून दुरुस्ती करावी, लोणा लागलेला गिलावा काढून नवा करावा आणि तो पूर्ण सुकू द्यावा. त्यास महिनाभर किंवा अधिकही लागेल. तेवढा धीर नसेल, तर आवरणाचा विचारच सोडावा. भिंतीची खरी परीक्षा पावसाळ्याच्या अखेरीस होते. म्हणून तपासणी भाद्रपदात आणि लाकूडकाम माघ-फाल्गुनात, असा क्रम आपल्या हवामानाला मानवतो. त्या दिवसांत खिडक्या उघड्या ठेवता येतात आणि लाकूडही फार फुगलेले वा फार आकसलेले नसते.

लाकूड कोणते आणि चिकटद्रव्य कोणते?

प्लायवूड, एमडीएफ आणि भुशाचे पार्टिकल बोर्ड यांत लाकडाचे थर वा कण चिकटद्रव्याने जोडलेले असतात. त्या चिकटद्रव्यांत बहुधा फॉर्मल्डिहाइड असते आणि त्याचा वायू नव्या फळ्यांतून हळूहळू बाहेर पडत राहतो. त्याने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो आणि दमा असलेल्यांचा त्रास बळावतो. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले. या वर्गीकरणाने घाबरून जाऊ नये. धोका वायूच्या मात्रेवर आणि सहवासाच्या काळावर अवलंबून असतो. मात्र उष्णता आणि दमटपणा वाढला की हा वायू अधिक सुटतो, हे वऱ्हाडच्या उन्हाळ्यात विसरता येणार नाही.

खरेदी करताना दुकानदारास उत्सर्जनाचा दर्जा विचारावा. ‘ई-०’ किंवा ‘ई-१’ असे लिहिलेल्या फळ्यांतून हा वायू कमी सुटतो. ‘एमआर’ प्रतीचे प्लायवूड दमटपणा काही अंशी सोसते. ते जलरोधक नव्हे. ओलीच्या शक्यतेच्या जागी आयएस ७१० मानकाचे, फिनॉलयुक्त चिकटद्रव्याचे प्लायवूड अधिक टिकते आणि त्यातून फॉर्मल्डिहाइडही तुलनेने कमी सुटते. सागवानाची अखंड पट्टी महाग असली, तरी तिच्यात असे चिकटद्रव्य नसते. ती पावती आणि वाहतूक परवाना असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावी. जुन्या घरातून निघालेले सागवान उत्तमच. फक्त त्यात भुंगा नाही याची खात्री करावी.

बसवताना आवरण भिंतीला थेट चिकटवू नये. आधी लाकडी रिपा ठोकून मागे हवेला वाट ठेवावी. खाली तीन-चार इंच जागा सोडावी, म्हणजे फरशी पुसण्याचे पाणी लाकडाला लागणार नाही. विजेची बटणे व जोडण्या आवरणामागे गाडू नयेत.

काम चालू असताना

लाकूड घासताना उडणारी बारीक धूळ श्वासमार्गास अपायकारक असते. सागाच्या धुळीने काहींच्या त्वचेला खाजही सुटते. पॉलिश आणि थिनर यांच्या वाफांनी डोके दुखते, मळमळते, दम लागतो. वयोमानाने गंधज्ञान मंदावते. त्यामुळे “मला काही वास येत नाही” या वृद्धांच्या शब्दावर विसंबू नये.

• कापणे आणि घासणे शक्यतो अंगणात करून घ्यावे.
• दमा, जुनाट श्वसनविकार किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तीस कामाच्या काळात दुसऱ्या खोलीत किंवा नातलगांकडे ठेवावे.
• पॉलिशनंतर किमान दोन-तीन आठवडे त्या खोलीत कुणास झोपवू नये. खिडक्या दिवसभर उघड्या ठेवाव्यात.
• घरात प्राणवायूचे यंत्र वा नळकांडे चालू असेल, तर जवळपास थिनर व पॉलिशचे काम मुळीच करू नये. आगीचा धोका गंभीर असतो.
• दम्याचा पंप आणि नेहमीची औषधे हाताशी ठेवावीत; धुळीच्या भीतीने बंद करू नयेत.

वाळवीनाशक फवारणीत क्लोरपायरिफॉससारखी कीटकनाशके वापरली जातात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी घेतले, हे आपण विसरलेलो नाही. घरातील फवारणी प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावी आणि वेष्टनावरील सूचनेप्रमाणे घर मोकळे ठेवावे. लाळ गळणे, फार घाम, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, श्वास लागणे यांपैकी काही दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शोभेबरोबर आधार

सुतार घरात आलेलाच आहे, तर एक काम आवर्जून करून घ्यावे. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या भिंतीवर गोल, गुळगुळीत लाकडी दांडा बसवावा. जाडी सुमारे ४ सेंटीमीटर, उंची जमिनीपासून ८० ते ९० सेंटीमीटर आणि भिंतीपासून बोटे सहज जातील एवढे अंतर असावे. दांड्याचे स्क्रू आवरणात नव्हे, तर मागच्या पक्क्या भिंतीत घट्ट बसले पाहिजेत. अन्यथा ऐन गरजेच्या क्षणी आधारच हातात येईल. मोतीबिंदू असलेल्यांना चकचकीत पॉलिशची तिरीप सोसत नाही, म्हणून मंद झाक निवडावी. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या खोलीत गडद-फिकट पट्ट्या आणि आरसे टाळावेत. दार मात्र भिंतीहून वेगळ्या रंगाचे असावे, म्हणजे ते पटकन ओळखता येते.

नित्याची निगा

लाकूड कोरड्या फडक्याने झटकू नये; धूळ उडून नाकातच जाते. घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे. फिनाइल, आम्ल किंवा रॉकेल लावू नये. भिंत आणि पलंग यांत वीतभर अंतर ठेवावे. आवरणामागच्या फटींत झुरळे व ढेकूण आसरा घेतात आणि झुरळांच्या विष्ठेचे कण दम्याला निमित्त ठरतात. म्हणून खोलीत उष्टे-खरकटे ठेवू नये. पावसाळा संपताच एकदा लाकूड ठोकून पाहावे. पोकळ आवाज आणि मातीच्या नळ्या वाळवी सांगतात, बारीक भुशाची ढिगळी भुंगा सांगते, तर कुबट वास मागची ओल सांगतो.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

घराबाहेर असताना बरे वाटणे आणि परतल्यावर खोकला, घरघर किंवा डोळ्यांची आग सुरू होणे, हे लक्षण डॉक्टरांना आवर्जून सांगावे. खोलीत अलीकडे काय बदल झाला, तेही सांगावे. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर केवळ भिंतीला दोष न देता क्षयरोगासह आवश्यक त्या तपासण्या करून घ्याव्यात. बोलताना धाप लागणे, ओठ निळसर होणे किंवा एकाएकी भ्रमिष्टासारखे वागणे ही तातडीने रुग्णालयात नेण्याची लक्षणे होत.

घरातील इतर माणसे शेतात, दुकानात, शाळेत जातात. अंथरुणाला खिळलेले वडील किंवा आई दिवसाचा बहुतेक वेळ त्या एकाच खोलीत श्वास घेत असतात. म्हणून त्या खोलीच्या सजावटीचा निर्णय घेताना नमुन्यांच्या पुस्तिकेआधी भिंतीवर हात ठेवून पाहावा. ती कोरडी असेल, तरच सुताराला बोलवावे.