भूकंपानंतर विहिरीचं पाणी

भूकंपाचा धक्का बसून गेला की आपण आधी भिंती पाहतो, मग छप्पर. विहिरीत मात्र सहसा कोणी डोकावत नाही. खरं तर जमिनीखालचं पाणीही त्या धक्क्यानं हलतं आणि त्याचा त्रास आपल्या पोटापर्यंत पोहोचू शकतो.

खडकात भेगा आणि फटी असतात, त्यांतून पाणी वाहतं. धक्क्यानं खडक दाबला गेला की पाण्याची पातळी वर येते, ताणला गेला की खाली जाते. गाळानं बुजलेल्या फटी मोकळ्या होतात, नव्या भेगाही पडतात. खडक जिथं सरकतो त्या भ्रंशरेषेत भरडलेली चिकणमाती पाणी अडवते, तर आजूबाजूचा फुटलेला खडक पाण्याला वाट देतो.

जपानमधलं कुमामोतो हे सात लाखांवर वस्तीचं शहर नळाच्या पाण्यासाठी पूर्णपणे भूजलावर अवलंबून आहे. एप्रिल 2016 मध्ये तिथं दोन दिवसांच्या अंतरानं मोठे भूकंप झाले. विहिरींचं पाणी गढूळ झालं, नळ बंद पडले. झऱ्यांवर भरणारं सुइझेन्जी बागेतलं तळं आटलं, कारण नव्या भेगांनी पाणी खाली ओढून घेतलं होतं. आपल्याकडे कोयना परिसरातही भूकंपाच्या वेळी बोअरमधली पातळी काही सेंटिमीटरनं बदलल्याच्या नोंदी आहेत.

डॉक्टरांना काळजी वाटते ती पाण्याच्या बदललेल्या वाटेची. एरवी शौचालयाच्या खड्ड्यातलं सांडपाणी मातीच्या थरांतून हळूहळू गाळलं जातं. भेग पडली की ते थेट विहिरीत उतरू शकतं. अशा पाण्यानं जुलाब, विषमज्वर, कावीळ होते. जुलाब लगेच लागतात. कावीळ दोन ते दहा आठवड्यांनीही दिसू शकते. तोवर धक्का सगळे विसरलेले असतात. गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हिपॅटायटिस ‘ई’ची कावीळ जिवावर बेतू शकते.

म्हणून मोठ्या धक्क्यानंतर पाण्याचा रंग, वास, चव किंवा पातळी बदलली, तर ग्रामपंचायतीला आणि आरोग्य केंद्राला कळवा. पाणी वाढलं म्हणून ते चांगलं, असं समजू नका. तपासणी होईपर्यंत गढूळ पाणी निवळू द्या, फडक्यानं गाळा आणि चांगली उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळत ठेवा. सार्वजनिक विहिरीत टीसीएल पावडर टाकल्यावर तासाभरानं ओटी चाचणी झाली का, हे जलसुरक्षकाला विचारा.

एक गोष्ट मात्र उकळून जात नाही. खोल खडकातून वर आलेलं फ्लोराइड किंवा सांडपाण्यातून आलेलं नायट्रेट उकळल्यानं कमी होत नाही. पाणी आटेल तसं त्यांचं प्रमाण उलट वाढतं. त्यासाठी प्रयोगशाळेतली तपासणीच हवी.

घरात गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल, तर अहवाल येईपर्यंत त्या विहिरीचं पाणी पिण्यासाठी वापरू नका.