सुट्ट्या पैशांतली चांदी गेली कुठे?

शनिवार आला, त्यातही शनी अमावास्या असली, की अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासा तालुक्यातल्या शनिशिंगणापूरकडे भाविकांची रीघ लागते. उघड्या चौथऱ्यावरील काळ्या शिळेला तेल वाहिले जाते, रुईच्या पानांची माळ अर्पण होते आणि खिशातले एखादे नाणे दानपेटीत पडते. तेल, प्रसाद, चहा यांच्या खरेदीत सुटे पैसे असंख्य हातांतून फिरतात. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या या चिल्लरीत एखादा जुना चांदीचा रुपया निघेल का, असे कुतूहल कोणालाही वाटावे. देव्हाऱ्यातला जपून ठेवलेला रुपया कोणी श्रद्धेने वाहिला तर गोष्ट वेगळी; एरवी या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नकारार्थीच आहे.

शिंगणापूरच्या घरांना दारे-कुलपे नसण्याची परंपरा सर्वश्रुत आहे. २०११ मध्ये युको बँकेने येथे उघडलेली शाखाही 'बिनकुलपाची बँक' म्हणूनच गाजली. चांदीच्या नाण्यांनी मात्र देशभर बरोबर उलटा मार्ग धरला. ती बाजारातून उठली आणि पेट्यांत, हंड्यांत, कुलपाआड गेली. असे का झाले, हे समजले की घरात सापडलेल्या जुन्या नाण्याचे नेमके मोलही कळते.

रुपया म्हणजे एक तोळा

पेशवाईत आणि त्यानंतरही काही काळ अंकुशी, चांदवडी असे नाना प्रकारचे रुपये महाराष्ट्रात चालत. प्रत्येकाची चांदी वेगळी, म्हणून बट्टाही वेगळा. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखासाठी एकसारखा रुपया आणला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यातील बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. हेच वजन एक तोळा ठरल्याने रुपया हे नाणेही होते आणि मापही. यंत्रावर पाडलेल्या या रुपयाला लोक 'कलदार' म्हणत. त्याच्या खालोखाल अधेली, पावली आणि चवली हीदेखील चांदीचीच असत. सराफ नाणे दगडावर आपटून त्याचा नाद ऐकत. 'खणखणीत नाणे', 'वाजवून घेणे' हे शब्दप्रयोग त्या व्यवहारातूनच भाषेत रुळले.

अशा रुपयाची किंमत त्याच्यावरील छापापेक्षा त्याच्या धातूवर अधिक अवलंबून होती. अडचणीचे मूळही तेथेच होते. धातूचा भाव छापील किमतीच्या वर गेला, की नाणे खर्च करण्यापेक्षा साठवणे किंवा वितळवणे फायद्याचे ठरते. हलके नाणे बाजारात फिरत राहते आणि भारी नाणे घरात जाते. अर्थशास्त्रात हा नियम ग्रेशॅमच्या नावाने ओळखला जातो.

दोन महायुद्धांचा घाव

पहिल्या महायुद्धात चांदी महागली व दुर्मिळ झाली. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची कागदी नोट आली. पाठोपाठ चवली निकेल-तांब्याच्या मिश्रधातूची झाली आणि चार व आठ आण्यांची नाणीही काही काळ त्याच धातूत पाडली गेली. खरा घाव बसला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४० मध्ये युद्धाच्या धास्तीने लोकांनी चांदीचे रुपये साठवण्याचा सपाटा लावला. सरकारने गरजेपेक्षा अधिक नाणी जमवण्यावर बंदी घातली, एक रुपयाची नोट पुन्हा काढली आणि रुपयातील चांदी निम्म्यावर आणली. नव्या रुपयात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे आणि प्रत्येकी ५ टक्के निकेल व जस्त होते.

चांगला आणि हलका असे दोन्ही रुपये एकाच वेळी चालू राहिले असते, तर चांगला क्षणात अदृश्य झाला असता. म्हणून १९४१ ते १९४३ या काळात व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि मग पाचवा व सहावा जॉर्ज यांची उंची चांदीची नाणी टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेण्यात आली. जी सरकारजमा झाली, ती वितळली. जी झाली नाहीत, ती घराघरांत राहिली. १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा होता. १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन दशमान नाणी आली आणि जुन्या चलनाशी असलेला उरलासुरला धागाही सुटला.

अमेरिकेत चित्र निराळे आहे. तेथे १९६४ नंतर दहा व पंचवीस सेंटच्या नाण्यांतील चांदी काढून टाकली गेली, पण जुनी नाणी रद्द झाली नाहीत. त्यांचा आकारही बदलला नाही. त्यामुळे आजही तेथील सुट्ट्या पैशांत क्वचित चांदी हाती लागते. आपल्याकडे चांदीचे नाणे शोधायचे तर ते खिशात नव्हे, घरातच शोधावे लागते: लक्ष्मीपूजनाच्या ताटात, देव्हाऱ्यात, आजीच्या ट्रंकेत किंवा नाणी ओवून केलेल्या जुन्या माळेत.

ओळख कशी पटवावी?

पहिली खूण सालाची. रुपयावर १९३९ पर्यंतचे साल असेल तर चांदी सुमारे १०.७ ग्रॅम, १९४० ते १९४५ असेल तर सुमारे ५.८ ग्रॅम. दुसरी खूण लोहचुंबकाची. १९४७ चा वाघाचे चित्र असलेला रुपया अनेक घरांत चांदीचा म्हणून जपला जातो. १९६४ च्या नेहरूंच्या स्मारक रुपयाचेही तेच. ही दोन्ही नाणी निकेलची असल्याने चुंबकाला चिकटतात. चांदी चिकटत नाही. मात्र चुंबकाला न चिकटणारे प्रत्येक नाणे चांदीचे असतेच असे नाही. म्हणून वजन पाहावे. न झिजलेला जुना रुपया ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे.

सालाबाबत एक सावधगिरी हवी. १८६२ हे साल असलेले रुपये प्रत्यक्षात १८७४ पर्यंत पाडले जात होते. त्यामुळे ते जुने असले तरी सरसकट दुर्मिळ नाहीत. बहुतेक राणीछाप रुपयांचे मोल त्यातील चांदीपेक्षा फार अधिक नसते. याउलट १९३९ चा रुपया दुर्मिळ आहे, आणि म्हणूनच त्याच्या बनावट प्रतीही निघतात. संग्राहकांच्या लेखी नाण्याच्या मूळ पृष्ठभागाला महत्त्व असते. चिंच किंवा राखेने घासून ते लखलखीत केले, तर ते मोल कायमचे जाते.

लाखांचे आमिष

जुन्या नाण्याला लाखो रुपये देण्याच्या जाहिरातींपासून मात्र दूर राहावे. आधी शुल्क किंवा कर भरायला सांगून पैसे उकळण्याचे प्रकार वाढल्याने रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. आपण अशा व्यवहारांत नसून त्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही, असे बँकेने स्पष्ट केले होते. खरा ग्राहक विकणाऱ्याकडून आगाऊ पैसे मागत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ.

शेत नांगरताना किंवा घराचा पाया खणताना नाण्यांचा हंडा सापडला, तर तो आपोआप सापडणाऱ्याचा होत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. नाणी कोठे, किती खोलवर आणि कोणत्या नाण्यांसोबत सापडली, यावरून त्या परिसराचा इतिहास उलगडतो. गुपचूप वितळवलेल्या हंड्याबरोबर तो इतिहासही मुशीत जातो.

घरातल्या नाण्याचेही तसेच आहे. मोडीत घालण्यापूर्वी त्यावरील साल वाचावे, वजन करावे, शक्य तर जाणकाराला दाखवावे. नाशिकजवळच्या अंजनेरी येथे नाणेशास्त्राच्या अभ्यासासाठी १९८० मध्ये संस्था स्थापन झाली, तर मुंबईत रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये चलनाचे संग्रहालय उभारले. वितळलेल्या चांदीचा भाव रोज पेठेत कळतो. नाणे कोणाच्या कमाईचे होते आणि घरात कसे आले, ही माहिती मात्र घरातील वडीलधाऱ्यांकडेच असते. ती विचारून कागदावर टिपून ठेवण्यास काहीच खर्च येत नाही.