दीक्षेची सीडी

कार्तिक शुद्ध पंचमीला, म्हणजे ज्ञानपंचमीला, भांडारांतील पोथ्या बाहेर काढून झटकण्याची व त्यांची वेष्टने बदलण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. यंदा त्याच दिवशी दिवाणखान्यातील कपाटही उघडावे, असे सुचवावेसे वाटते. 2000 नंतरच्या काही वर्षांतील कित्येक लग्ने, मासखमणाची पारणी आणि वरघोडे तेथे व्हिडिओ सीडीत पडून आहेत. आणि त्या लावण्याचे यंत्र बहुतेक घरांतून केव्हाच गेले आहे.

जळगावच्या आमच्या घरी तीन सीडींचा असा एक संच आहे. तो आमच्या आत्यांच्या दीक्षेचा. वर्षीदानाचा वरघोडा, घरच्यांचा निरोप, वेशपरिवर्तन. (अनेक महाराजसाहेबांना चित्रीकरण मान्य नसते, तो विषय वेगळा.) निरोपाच्या प्रसंगात आजोबा काही बोलतात. त्यांचा आवाज अन्यत्र कोठेही नाही. नेमकी तीच दुसरी सीडी संगणकावर उतरवताना मध्येच अडकली. एका दुकानातून तिची डीव्हीडी करून आणली, तर आजोबांच्या चेहऱ्याचे चौकोनी तुकडे झालेले!

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. 1993 साली ठरलेल्या व्हिडिओ सीडीच्या पद्धतीत एका तबकडीवर अधिकाधिक चित्र मावावे म्हणून चुका दुरुस्त करणारी जादा माहिती कमी ठेवलेली असते. म्हणून ओरखडा आला, तर घरचे यंत्र क्षणभर अडखळून पुढे जाते. संगणक मात्र प्रत उतरवणेच सोडून देतो. खराब भाग वगळून पुढे वाचणारी प्रणाली अशा वेळी वापरावी लागते.

चेहऱ्याचे तुकडे होण्याचे कारण निराळे. सीडीवरील चित्र 352 गुणिले 288 ठिपक्यांचे, तर डीव्हीडीचे पूर्ण चित्र 720 गुणिले 576 ठिपक्यांचे, म्हणजे सुमारे चौपट. दुकानदार ते ताणून मोठे करतो आणि पुन्हा दाबून बसवतो. मुळात जे टिपलेलेच नाही ते ताणून कोठून येणार? उलट प्रत्येक दाबणीत थोडे आणखी जाते. वस्तुतः डीव्हीडीच्या नियमांत सीडीचे हे लहान चित्र जसेच्या तसे घेण्याची मुभा आहे. फक्त ध्वनी 44.1 वरून 48 किलोहर्ट्झवर न्यावा लागतो. शिवाय, तसे केल्यास सत्तर-चौऱ्याहत्तर मिनिटांच्या चार-पाच सीडी एकाच डीव्हीडीत सहज मावतात. तेव्हा काम देताना ‘चित्राला हात लावू नका, फक्त आवाज बदला’ एवढे आवर्जून सांगावे. मूळ सीडीतील ‘डॅट’ नावाची फाईलही जपून मागून घ्यावी. डीव्हीडी लावणारी यंत्रेही आता विरळ होत आहेत.

सीडीची चकचकीत बाजू आपण जपतो, आणि दुसऱ्या बाजूवर बॉलपेनने नावे लिहितो, कागद चिकटवतो. खरे तर माहितीचा थर त्या छापील बाजूच्याच लगत असतो. खालचा ओरखडा घासून काढता येतो, वरचा थर निघाला की संपले. त्यात खानदेशचा वैशाख! पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर तबकड्या ठेवणे म्हणजे त्या गमावण्याची तयारीच.

आमच्या दुसऱ्या सीडीचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. दीक्षेच्या वेळी तोच संच धुळ्याला धाकट्या आत्यांच्या सासरीही दिलेला होता. त्यांनी तो कपड्यात गुंडाळून पोथ्यांशेजारी ठेवला होता. तीही सीडी निर्दोष नव्हती, पण तिचा बिघाड वरघोड्याच्या भागात निघाला. दोन्ही प्रतींतील धड भाग जोडले. निरोपाचा प्रसंग सलग लागला. आता एक प्रत जळगावच्या पेढीवर आहे आणि एक धुळ्याला.