हिरवळ आणि कुरण : गवतकापणीच्या अवजाराची निवड

पश्चिमेकडील अकोले तालुक्याचा घाटमाथा वगळला, तर अहिल्यानगर जिल्ह्याचा बहुतेक भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पावसाळ्यात गायरानावर, माळावर व बांधावर जे गवत उगवते, तेच पुढे उन्हाळ्यात जनावरांच्या दावणीला येते. त्याच गावात शाळेचे मैदान असते, पंचायतीचे आवार असते, एखादे उद्यानही असते. तेथील हिरवळ वेळच्या वेळी कापावी लागते. साहजिकच, या दोन्ही कामांना एकच यंत्र घेता येईल काय, असा प्रश्न पंचायतींपुढे व शिक्षणसंस्थांपुढे येतो. खर्च सार्वजनिक निधीतून व्हावयाचा असतो आणि निवड चुकली तर वर्षाची वैरण मातीत जाते. म्हणून या प्रश्नाचा नीट विचार होणे अगत्याचे आहे.

दोन कामे, दोन हेतू

हिरवळीवर महत्त्व असते ते कापल्यानंतर जमिनीवर उरणाऱ्या गवताला. कुरणात महत्त्व असते ते कापून हाती येणाऱ्या गवताला. हा भेद ध्यानात ठेवला की निवड पुष्कळ सोपी होते. हरळीची हिरवळ साधारणपणे अडीच ते पाच सेंटिमीटर उंचीवर राखतात आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापत नाहीत. मारवेल, पवना, अंजन यांसारखी कुरणातील गवते मात्र जमिनीपासून आठ-दहा सेंटिमीटर बुडखा राखून कापावी लागतात. त्याखाली कापल्यास नवे फुटवे दुबळे होतात. शिवाय हे गवत अखंड काडीचे हवे. तरच ते वाळवून पेंढ्या बांधता येतात आणि गंजी रचता येते.

अवजारांचे प्रकार

ही अवजारे मुख्यत्वे चार प्रकारची आहेत. पहिले, फिरत्या दंडगोलावरील पात्यांचे. इंग्लंडमधील एडविन बडिंग यांनी १८३० साली हे यंत्र प्रथम तयार केले. त्याची पाती खालच्या स्थिर पात्याशी कात्रीसारखी जुळतात, त्यामुळे काप स्वच्छ येतो. परंतु उंच गवत त्याच्यापुढे नुसते आडवे पडते. दोन-चार गुंठ्यांच्या हिरवळीला हाताने ढकलण्याचे असे यंत्र पुरेसे होय.

दुसरे, रोटरी. यात पाते जमिनीला समांतर वेगाने फिरते. हिरवळीवर ते चांगले काम देते. ट्रॅक्टरमागे जोडावयाचा मोठा स्लॅशर काटेरी झुडपांवरही चालतो. मात्र पाते गवत कापण्यापेक्षा आपटून तोडते, त्याचे तुकडे विखुरतात व मातीत मिसळतात. अशा गवताची पेंढी बांधता येत नाही.

तिसरे, फ्लेल. आडव्या दांड्यावर लोंबणारी लहान पाती दगड लागला तर मागे सरकतात, म्हणून खडकाळ जागी ते टिकाऊ ठरते. पण त्यातूनही गवताचा भुगाच निघतो.

चौथे, कटरबार. बोटांसारख्या दात्यांमधून त्रिकोणी पात्यांची पट्टी मागे-पुढे सरकते. गवत बुडातून कापले जाऊन अखंड काडीने ओळीत पडते. यास शक्ती कमी लागते, म्हणून लहान ट्रॅक्टरवरही ते चालते. वैरणीसाठी हेच योग्य अवजार होय. दगड लागल्यास मात्र पाती मोडतात आणि आखूड हिरवळीवर त्याचा काप एकसारखा येत नाही.

तात्पर्य, दोन्ही कामे उत्तम करणारे एकच जोडअवजार नाही. एकाच इंजिनाला दोन निरनिराळी जोडअवजारे लावणे मात्र शक्य आहे. हाताने चालवावयाच्या काही इंजिनयंत्रांना कटरबार व रोटरी आळीपाळीने जोडता येतात. मैदानाच्या कडा, कुंपण, चर व बांध यांसाठी खांद्यावरचा ब्रश कटर उपयोगी पडतो.

क्षेत्राचा हिशेब

खरेदीपूर्वी हिशेब मांडावा. दीड मीटर रुंदीचा कटरबार ताशी चार किलोमीटर वेगाने चालला, तर तासाला ६,००० चौरस मीटर क्षेत्र होते. वळणे व खोळंबा यांत तीस टक्के वेळ गेला असे धरल्यास ४,२०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे एक एकर उरते. दहा एकर सपाट कुरणाचे काम अशा रीतीने दीड-दोन दिवसांत उरकते. एवढ्यासाठी नवा ट्रॅक्टर घेण्याचे कारण नाही. गावातील ट्रॅक्टर भाड्याने घेऊन केवळ जोडअवजार विकत घ्यावे. ट्रॅक्टरची अश्वशक्ती, पी.टी.ओ. शाफ्टचा वेग (बहुधा मिनिटाला ५४० फेरे) आणि थ्री पॉइंट जोडणी अवजाराशी जुळते काय, हे आधी पाहावे. मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय संस्थेत कृषियंत्रांच्या चाचण्या होतात. चाचणी अहवाल असलेल्या यंत्रास प्राधान्य द्यावे. सुटी पाती तालुक्याच्या गावी मिळतात काय, हेही विचारावे.

कापणीची वेळ व वाटप

नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे १९९० नंतर चराईबंदी अमलात आली. जनावरे मोकळी न सोडता गवत कापून गोठ्यात नेण्याची पद्धत रुजली आणि उजाड डोंगर पुन्हा हिरवे झाले. यंत्राचा विचार त्यानंतरचा. आधी कुरण राखले पाहिजे, हा या गावाचा धडा आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने यशवंत व फुले जयवंत हे संकरित नेपियरचे वाण दिले आहेत. पाण्याची सोय असल्यास त्यांचीही जोड देता येईल.

गवत फुलोऱ्यात आले की कापावे. कुसळीची कुसळे टणक झाल्यावर ती मेंढ्यांच्या लोकरीत व कातडीत रुततात. सबंध कुरण एकदम कापू नये. बी पडण्यासाठी काही पट्टे राखावेत. कापणी मधून सुरू करून कडेकडे न्यावी, म्हणजे तित्तर, लावे व ससे यांना निसटता येते. दगड आधी वेचावेत, तीव्र उतारावर ट्रॅक्टर नेऊ नये आणि पात्यात अडकलेले गवत काढण्यापूर्वी इंजिन बंद करावे. हिरवळीचे ओले कापलेले गवत ढिगात तापते व आंबते. असे गवत, तसेच औषध फवारलेले गवत जनावरांस घालू नये.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. गायरानावर विळ्याने गवत कापून एखाद-दुसरे जनावर पोसणारी भूमिहीन कुटुंबे गावोगावी आहेत. यंत्राने गवत लवकर निघेल, पण ते कोणाच्या दावणीला जाईल? याचा निर्णय यंत्र येण्यापूर्वी ग्रामसभेत व्हावा. उतारावरचा व खडकाळ भाग विळ्यासाठी राखावा, सपाट भागातील गवताचे वाटे आधी ठरवावेत आणि मगच खरेदीचा ठराव करावा. असे झाले तर गावाचे यंत्र सर्व गावाच्या उपयोगी पडेल.