घरगुती पिण्याच्या पाण्याचे निर्जंतुकीकरण (भामरागड तालुका)

पिण्याच्या पाण्यातील रोगकारक जिवाणू नष्ट करण्याच्या प्रक्रियेस निर्जंतुकीकरण म्हणतात. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात पावसाळ्यात ही प्रक्रिया घरोघरी करणे विशेष महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी

भामरागड हे गाव इंद्रावती, पामुलगौतमी व पर्लकोटा या नद्यांच्या संगमावर वसले आहे. पर्लकोटेचे पाणी पुलावरून वाहू लागले की गावाचा संपर्क तुटतो. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाचे रुग्णालय हेमलकसा येथे, नदीच्या दुसऱ्या तीरावर आहे. नाल्यांना पूर आल्यावर दुर्गम गावांतील रुग्णांना उपचारकेंद्र गाठणे कठीण होते. याच काळात विष्ठायुक्त पाणी विहिरींत आणि पुरात बुडालेल्या हातपंपांत शिरण्याचा धोका वाढतो. अशा पाण्यातून अतिसार, पटकी व विषमज्वर पसरतात.

दूषिततेची ओळख

स्वच्छ दिसणारे पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा जिवाणू आढळता कामा नये. त्याचे अस्तित्व विष्ठेमुळे झालेली दूषितता दर्शवते.

शुद्धीकरणाच्या पद्धती

गढूळ पाणी प्रथम निवळू द्यावे व दुहेरी कापडाने गाळावे. गाळामुळे क्लोरीन खर्ची पडते आणि जिवाणूंना आडोसा मिळतो.

* उकळणे : पाण्यास खळखळून उकळी आल्यावर ते किमान १ मिनिट उकळत ठेवावे. उकळलेल्या पाण्यात जंतुनाशक शिल्लक राहत नसल्याने ते पुन्हा दूषित होऊ शकते.
* क्लोरीन : क्लोरीनच्या गोळ्या किंवा द्रावण वेष्टनावरील प्रमाणात मिसळून ३० मिनिटांनंतर पाणी वापरावे. त्यानंतर पाण्यात प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरणे अपेक्षित असते. हा अंश साठवणीतही पाण्याचे काही काळ रक्षण करतो.

ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक सार्वजनिक विहिरींत टीसीएल पावडर टाकतात. परंतु रस्ते बंद असताना पावडरीचा पुरवठा खंडित होऊ शकतो. त्यामुळे पावसाळ्यापूर्वीच घरात क्लोरीनच्या गोळ्यांचा साठा करणे हितावह असते. पावडर व गोळ्या कोरड्या, थंड जागी ठेवाव्यात.

साठवण

शुद्ध केलेले पाणी हात बुडवल्यानेही दूषित होते. म्हणून माठ झाकून ठेवावा व पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे.