काळ्या पाषाणाखालची हालचाल

दख्खनचे पठार कधी हलत नाही, हा जुना समज गेल्या शतकात दोनदा मोडला: ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरात आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीत. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ परिमाणाचा भूकंप झाला, तेव्हा लगतच्या वाशीम जिल्ह्यात, अकोला–पूर्णा लोहमार्गावरील जऊळक्यासारख्या गावांसाठीही, हा विषय दूरचा राहिला नाही. परिमाण म्हणजे भूकंपात मुक्त झालेल्या ऊर्जेचे माप. ते एका अंकाने वाढले की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, आणि त्या हिशेबाने किल्लारीचा ६.२ परिमाणाचा भूकंप हिंगोलीच्या धक्क्याहून सुमारे साडेतीनशे पट मोठा ठरतो.

वऱ्हाड–मराठवाड्याचा काळा पाषाण हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा आहे, पण तो केवळ पांघरूण आहे. किल्लारीजवळ घेतलेल्या ६१७ मीटर खोल छिद्रात हा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, ३३८ मीटरवर संपला, त्याखाली गाळाचा आठ मीटरचा थर लागला आणि मग अतिप्राचीन ग्रॅनाइटी पायाचा खडक आला. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे हिमालयाला रेटत असल्याने येणारा ताण या पायाच्या जुन्या भेगांत साठतो आणि एखादी भेग अचानक सरकली की जमीन हादरते. वरून पाहणाऱ्याला मात्र सपाट रान आणि काळी माती एवढेच दिसते. कोयनेत या ताणाला धरणामागच्या शिवसागर जलाशयाच्या पाण्याची जोड मिळाली, कारण भेगांत झिरपलेल्या पाण्याचा दाब खडकांतील घर्षण कमी करतो. ६.३ परिमाणाच्या त्या भूकंपात सुमारे १८० माणसे गेली. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले आणि पुढे बळकट करण्यात आले.

किल्लारीचा भूकंप कोयनेहून किंचित लहान, तरीही त्यात सुमारे आठ हजार माणसे गेली. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची ती रात्र होती, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे झाली होती आणि गाव घरात निजले होते. गोलसर दगड व चिखल यांच्या जाड भिंतींना आतली आणि बाहेरची अशा दोन पडद्या असत, मधल्या पोकळीत खडी–मुरूम भरलेला असे आणि दोन्ही पडद्या सांधणारा आरपार दगड क्वचितच घातलेला असे. त्यामुळे हादऱ्यात पडद्या एकमेकींपासून सुटल्या आणि भिंत ढिगारा होऊन कोसळली. वर धाब्याचे छप्पर. पाणी गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर नवी पांढरी माती चढवली जाई आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याचे ओझे वाढत जाई. ज्या मातीने उन्हाळ्यात घर गार ठेवले, तिनेच निजलेल्यांना गाडले, ही गोष्ट आजही मन हेलावून टाकते.

भूकंपातून धडा घेऊन बांधकाम सुधारता येते: तेव्हा गोव्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालने १ नोव्हेंबर १७५५ रोजी भूकंपात लिस्बन उद्ध्वस्त झाल्यावर भिंतींच्या आत लाकडी सांगाडा बांधण्याची पद्धत रूढ केली. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात हजारो घरे नव्याने बांधली गेली, तर इतर ठिकाणी उभ्या घरांच्या मजबुतीसाठी सांगितलेले उपाय साधे होते: भिंतीला आरपार भोके पाडून त्यांत सळईसह काँक्रीट भरावे, चारही भिंतींना एकत्र धरणारा पट्टा फिरवावा आणि धाब्यावरची जुनी माती काढून जेमतेम वीतभर ठेवावी.