पोरांच्या हाती पैसा द्या, सोबत हिशेबाची वहीही द्या

मृग निघायच्या तोंडावर एका शेतकऱ्याने मला बांधावर थांबवले. "साहेब, बियाणं उधारीवर मिळंल का कुठं?" सोयाबीनची पट्टी तर कधीच हातात आली होती. मग पैसा गेला कुठे? आढेवेढे घेत म्हणाला, "पोरगं मोबाइलसाठी दोन दिवस जेवलं न्हाई. दिला घिऊन."

पोराला विचारले, बियाण्याची एक बॅग कितीला मिळते? त्याला ठाऊक नव्हते. दोष त्याचा एकट्याचा नाही. आपण पोरांना औत धरायला शिकवतो, धार काढायला शिकवतो. पण पैशाची गोष्ट निघाली की "जा, बाहेर खेळ" म्हणतो. घरावर कर्ज किती, हे पोराला कळते ते सोसायटीची नोटीस दारात आल्यावर!

पाच कोंबड्यांची शाळा

माझी मुलगी सहावीत असताना तिला पाच देशी कोंबड्या आणि एक शंभर पानी वही घेऊन दिली. अट एकच : अंडी तुझी, खर्चही तुझा. घरी खाऊन आठवड्याला दहा अंडी विकली जात. दहा रुपयांना एक, म्हणजे शंभर रुपये. पहिले दोन महिने सगळा पैसा खाऊत आणि टिकल्या-रिबिनीत गेला. लसीला काही उरले नाही. दुसऱ्याच्या दारी लसीकरणाचे महत्त्व सांगत फिरणारा मीही घरच्या कोंबड्या विसरलो. उन्हाळ्यात मानमोडी आली आणि तीन कोंबड्या गेल्या. पोरगी दोन दिवस रडली.

मग आम्ही वही घेऊन बसलो. ठरले ते असे : शंभरातले पहिले पंचवीस खाद्याला आणि औषधाला, पन्नास पोस्टात, पंधरा हौसेला आणि दहा दुसऱ्यासाठी. उत्पन्न कमी झाले तरी वाटणी तीच. उरलेल्या दोन कोंबड्या खुडूक बसल्या तेव्हा त्यांच्याखाली अंडी ठेवली आणि पुन्हा पिले झाली.

पिले आठवड्याची होत आली तसा लासोटा लसीचा विषय निघाला. लसीची बाटली शंभर मात्रांची असते. एकदा पाण्यात कालवली की दोन तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यायची. तिची पिले पंधराच. ती म्हणाली, "बाबा, बाकीची वाया कशाला घालवायची?" 'दुसऱ्यासाठी'च्या डब्यातून बाटली आणली आणि आळीतल्या सगळ्यांची पिले अंगणात गोळा केली. कुणाकडून पैसा घेतला नाही. शेजारच्या आजी म्हणाल्या, "पोरीची दानत मोठी हाय!" दानत तर होतीच, पण शहाणपणही होते. शेजारची कोंबडी निरोगी राहिली, तर रोग आपल्या खुराड्यात यायचा धोका कमी होतो.

द्यायला श्रीमंत असावे लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या वसतिगृहातल्या पोरांसाठी खेड्यातल्या बायकांनी मुष्टिफंडात मूठ-मूठ धान्य घातले. त्या मुठीही गरिबांच्याच घरातल्या होत्या.

एवढे कराच

दहा वर्षांवरील मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खाते काढून ते स्वतः चालवता येते. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने २०२५ साली तशी मुभा दिली आहे. खाते काढा, पण पासबुक पोराच्याच हाती द्या. कोंबड्या नसतील तर परसात मेथीचा एक वाफा त्याच्या नावावर करा. चुकले तर ओरडू नका, वही उघडा. आणि यंदा पट्टी आली की ती पोरांसमोर वाचा : हे बियाण्याचे, हे खताचे, हे सोसायटीचे, हे आपले.

ज्या पोराला बॅगेची किंमत कळली, ते मोबाइलसाठी उपाशी बसायच्या आधी बापाला एकदा विचारील, "दादा, यंदा परवडंल का?"